इतिवृत्तात न आलेलं

ठराव क्रमांक तीन : बी-चौदामधल्या भाडेकरूबाबत.
एवढं लिहिलं आणि लाइट गेली.
पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसलेले अठ्ठावीस जण
मोबाइलच्या उजेडात
एकमेकांकडे बघायचं टाळत राहिले.

वडोदरा, वाघोडिया रोड, अमीझरा सोसायटी.
बावीस वर्षं इतिवृत्त मीच लिहिते,
माझं अक्षर बरं, शिवाय
"दक्षिणी लोक लिहिण्यात चोख"
असं जशवंतकाका अमीन म्हणतात.
कौतुकानंच म्हणतात.

मुळात घोटाळा नावाचा.
फोनवर मुलगा म्हणाला, लिंबानी बोलतोय,
फार्मसीला आहे, फ्लॅट हवाय.
काकांना वाटलं, कच्छी पटेल. आपलाच.
किल्ली घ्यायला आला तो मलावीचा,
दारात वाकून शिरणारा,
हातात पेढ्यांचा पुडा.
तोवर डिपॉझिट जमा झालेलं,
आणि जमा झालेलं परत देणं काकांच्या स्वभावात नाही.

मग सात महिने
तो लिफ्टमध्ये आला की कुणाला तरी आठवायचं,
जिना तब्येतीला चांगला.
पोरं 'हबशी, हबशी' करत पळायची.
आयांना ऐकू यायचं नाही.

शेवटी नोटीसबोर्डावर त्याचाच कागद,
हिंदीत, वेलांट्या चुकलेल्या :
मिटींग मेरे बारे मे है तो मुझे भी बुलाओ जी.

तक्रारी मी लिहून घेतल्या.
रात्रीची गाणी. (मान्य.)
जिन्यात चपला. (मान्य.)
दर बुधवारी बी विंगेत सुक्या मासळीचा वास.
तो विचारात पडला.
म्हणाला, आमच्या तळ्याकाठी मासळी वाळवतात,
माझी आईही वाळवते.
पण इथे मी मॅगी खातो.
मॅगी आणि केळी.

माझं पेन 'वास' या शब्दावर.
आमच्या घरचे सोडे.
बावीस वर्षं बुधवारी
खिडक्या लावून, उदबत्ती पेटवून,
सासूबाईंच्या हातचं आठवत परतलेले
आणि जेवताना कुजबुजत वाखाणलेले.

"वास माझ्या घरचा," मी म्हटलं.
आधी मराठीत. मग गुजरातीत.
मग त्याच्यासाठी हिंदीत.
तिन्हीत वेगवेगळी लाज वाटली.

जिन्याच्या पायरीवर रमिला खुदकन हसली.
झाडू बाजूला ठेवून म्हणाली,
"मला केव्हाचं ठाऊक. कचरा कोण उचलतं?
अमीनकाकांची अंड्यांची टरफलं
रविवारच्या पेपरात गुंडाळलेली असतात."
काका विझलेल्या ट्यूबलाइटकडे बघू लागले.

मग सगळे एकदम बोलले.
म्हणजे भांडलेच.
ए विंगेतले दोघे उठून गेले, खुर्ची मुद्दाम आपटून.
शहाबेननी इतक्या गोंगाटात विचारलं,
"बेटा, तुमच्याकडे थंडी पडते?"
सात महिन्यांतला पहिला प्रश्न,
ज्यात तक्रार नव्हती.
जूनमध्ये पडते, तो म्हणाला. तेव्हा शेकोटी करतो.
आणि लिंबानी म्हणजे?
म्हणजे, खंबीर राहा. पण एकट्याला नाही,
बऱ्याच जणांना एकदम सांगायचं असेल तेव्हा.

कुणीतरी रमिलाला खुर्ची सरकवली.
ती बसली नाही.
"खुर्चीचं नंतर. आधी मीटरच्या डब्यावर
माझ्यासाठी वेगळा ठेवलेला तो पेला फोडा."
"स्टीलचा आहे," कुणीसं म्हणालं, "फुटणार नाही."
ते खरंच होतं.

लाइट आली.
उजेडात सगळ्यांना आपापली कामं आठवली.
लिंबानी खुर्च्या रचू लागला,
शहाबेनचा नातू त्याला मोजून देत होता, चुकीचं.

ठराव क्रमांक तीन : चर्चा अपूर्ण, पुढील सभेत.
ठराव क्रमांक चार : पाण्याच्या पेल्याबाबत.
सूचक : रमिला
इथे पेन पुन्हा अडलं.
एकोणीस वर्षं ती आमच्या दारात येते.
मी पायरीपाशी गेले,
वही छातीशी धरून,
आणि तिचं आडनाव विचारलं.