भोवरा

वहीत सगळं आहे.
बापाचं नाव, बापाच्या बापाचं,
आईकडून सात पिढ्या, त्यातली एक पाण्यानं पुसट.
वही मी लिहिते. बापूंचं अक्षर
सुटलेल्या घोड्यासारखं, कुणाच्या हाती लागत नाही.

माघात मोतनला टेम्पोत चढवून
तापीच्या पुलावरून नेलं
मारवाडहून आणलेल्या काळ्याकडे.
एक्कावन्न हजार रोख, पावती नाही.
पण त्याचे कान असे, की टोकाला टोक भिडतं,
मधून दादरचं पातं जायचं नाही.

रुमालदादा पावरा दावं सोडताना म्हणाला,
'बापनं नाव मोठं शे.
पोटमा काय शे, ते पोटलेच म्हाईत.'
बापूंनी ऐकलं नाही,
किंवा ऐकलं आणि हरभरा भिजत घातला.

आधीही झालंय.
नावाजलेल्या नराची शिंगी, दिसायला नवरी,
ढोल वाजला की खुंटा उपटून थेट केळीत.
आणि दोंडाईच्याच्या टांग्याची ती मरतुकडी घोडी,
तिचं शिंगरू सारंगखेड्याच्या मैदानात
मागच्या दोन पायांवर असं उभं राहिलं
की चहावाल्याची किटली कलती ती कलतीच.
बापू घरी येईपर्यंत बोलले नाहीत.
मग म्हणाले, अपवाद.
मी वहीत अपवादाचा रकाना शोधला.

अकरा महिने
बापू पारावर हिशेब सांगत बसले:
मान मोतनची, कान काळ्याचे,
स्वभाव हिचा, चाल त्याची,
जणू भरीत घालायचंय,
वांगी कुठली अन् मिरची कुठली आपल्या हातात.
आई म्हणाली, दोन्ही लेकी तुमच्याच ना?
एकीच्या गळ्यात गाणं,
एकीची भाकरी अजून नकाशासारखी.
(ती मी.)

पौषात, जत्रेचे तंबू उठून गेल्यावर,
दादर निसवत होती तेव्हा,
सडांवर मेणाचे थेंब आले.
रुमालदादानं मोबाईलचा उजेडही विझवायला लावला.
घोडीला व्यायला एकटेपण लागतं.
आम्ही कुडाआड, तोंडातून वाफा,
बापूंच्या हातात नारळ, फोडायचा राहिलेला.

पहाटे शिंगरू उभं राहिलं, पडलं, उभं राहिलं.
रंग ओल्या राखेचा,
ना त्याचा ना तिचा.
कान सरळ. गाढवाला जवळचे, म्हणा.
आणि डाव्या डोळ्याखाली भोवरा.
आसूढाळ.
घेणारे आधी तेच बघतात, दात नंतर.
आसूढाळ ज्या घरी, त्या घरी रडणं, म्हणतात.
म्हणणाऱ्यांच्या घरी कोण रडत नाही
ते कुणी मोजलेलं नाही.

काळ्याच्या मालकाला फोन झाला.
तो म्हणाला, आमच्यात असं कधीच नव्हतं.
मोतनकडे तरी कुठं होतं?
कुठल्याशा पणजीच्या पणजीनं
सेंधव्याच्या वाटेवर, एखाद्या मुक्कामी,
काय केलं असेल ते केलं असेल.
वही लिहिणारा तेव्हा झोपला होता.

माझ्या डोक्यावर दोन भोवरे आहेत.
दोन भोवरे, दोन लग्नं, आत्या म्हणायची.
पाहुणे बघायला यायचे त्या सकाळी
बापू तेलाचं बोट घेऊन मागं बसत,
दुसऱ्या भोवऱ्याचे केस पहिल्याकडे वळवत.
फार हळू. त्यांना वाटे, मला कळत नाही.
घराण्यात कुणालाच नव्हता तो.
लग्न एकच झालं.
टिकलं नाही, हा भाग वेगळा.

आज तबेल्यात बापू एकटे.
अंगठा थुंकीनं ओला करून
शिंगराच्या डोळ्याखालचे केस
खाली, वर, पुन्हा खाली.
शिंगरू तो अंगठाच चोखायला बघतंय.
ऊन आत आलं. केस वाळले.
भोवरा आपल्या जागी येऊन बसला.

मी वही उघडून विचारलं, नाव काय लिहू?
बापू म्हणाले, थांब.
आधी नीट पिऊ दे त्याला.