मागं मागं

शनिवारची सकाळची शाळा, साखर पेठेत.
तिसरं लोखंडी कपाट जरा अडतं,
खांद्यानं ढकललं की उघडतं.
आतून येतो डांबरगोळ्यांचा वास
आणि साठलेला उन्हाळा.

सातवीतली रेणुका म्याकल
फोनवरचं पाठ करून आली :
"बाई, किल्ल्यातून भुयार आहे,
थेट विजापूरपर्यंत. खरंच!"
कुणी सांगितलं?
"सगळेच सांगतात."
सगळ्यांना कुणी सांगितलं?
ती गप्प.

तीन पुस्तकं काढून दिली,
एकाचा कोपरा वाळवीनं खाल्लेला.
पहिल्यात भुयार होतं.
दुसऱ्यात 'असं म्हणतात' होतं.
तिसऱ्यात काहीच नव्हतं.
मधली सुट्टी होऊन गेली,
शेंगाचटणी-भाकरीचा डबा
दप्तरात तसाच.

मग म्हणाली, मान वर न करता,
"आमचे नायना मागावर असंच करतात.
चादरीत चूक दिसली
तर चादरीला शिव्या देत नाहीत,
बोटानं मागं मागं जातात
धागा तुटला तिथपर्यंत."

ग्रंथपालाच्या परीक्षेत
हे मला कुणी विचारलं नव्हतं.

तिन्ही पुस्तकं घरी नेली.
नोंदवहीत 'परत कधी'च्या रकान्यात
तारीख घातलीच नाही, लिहिलं :
भुयार – अजून माहीत नाही.
मी खोडलं नाही.

सोमवारी दोन मैत्रिणींना घेऊन आली,
मी किल्ल्या शोधत होते.
कुलूप निघालं, कपाट अडलं,
तर माझ्याआधी
तिचाच खांदा लागला.