ना-देय

लॉरेटा बंगे फॉर्म घेऊन आली तेव्हा
मी सिंकची जाळी साफ करत होतो.
विद्यापीठ सोडायला पाच सह्या लागतात:
ग्रंथालय, वसतिगृह, शुल्क विभाग, विभागप्रमुख,
आणि छापखान्याचा मी.
चार झाल्या होत्या.

"दोनच सत्रं उरलीत," मी म्हणालो.
"अकरा हजार डॉलर उरलेत," ती म्हणाली.

अल्बर्टातून भावाचा फोन येतो दर रविवारी.
तेलाच्या छावणीत, भटारखान्यात जागा आहे.
पंधरा दिवस काम, सात दिवस घर,
विमानाचं तिकीट कंपनीचं.
दगडापेक्षा वीट मऊ, असं तो म्हणतो.
त्याने आमचे दगड उचललेले नाहीत.

मी यादी काढली.
रोलर परत. शाईच्या सुऱ्या परत. कपाटाची किल्ली परत.
दगड क्रमांक चौदा: बाकी.
त्याच्यावर अजून सिरिल होता, तिचा बाप,
कॉर्नर ब्रूकच्या कागद गिरणीच्या फाटकाशी
मांडीवर डबा धरून बसलेला,
भोंगा व्हायला दोन मिनिटं असावीत.

नियम असा, की जाताना दगड कोरा करून जायचं.

काळ्या दगडावरची रेघ म्हणतात
ती आमच्याकडे मिळत नाही.
आमचा दगड करडा, आमची रेघ चरबीची.
पाणी ओता, भुकटी पेरा,
लोखंडी चाक गरगरवत राहा,
आधी रव्यासारखी, मग मैद्यासारखी,
तीन तासांत माणूस जातो.
सगळा जात नाही. दोन वर्षांनी
भलत्याच पोराच्या आभाळात
एक कान उगवतो.

"तुम्ही पूर्ण केली होती पदवी?"
"नाही. एक सत्र राहिलं."
"पस्तावलात?"

एकवीस वर्षं हा प्रश्न माझ्याकडे पडून आहे.
पदवीवाल्यांचं यंत्र अडलं की मला बोलावतात, हे खरं.
आणि वर्ग मला कुणी देत नाही, हेही.
मी म्हणालो, "भुकटी डाव्या फडताळात आहे."

तिने कोपऱ्यापासून सुरुवात केली.
बापाचा उजवा बूट गेला.
चाक थांबलं.
नळ तसाच वाहत होता.

"एक प्रत काढू?"
"चांगला कागद आहे तुझ्याकडे?"
"नाही."
कोपऱ्यात गिरणीच्या कागदाची रीळ होती,
वर्तमानपत्राचा, चाचणीपुरता.
"तो वर्षभरात पिवळा पडतो."
"बाबाही पडलेत," ती म्हणाली आणि शाई घोटायला लागली.

पहिली प्रत फिकट. दुसरी डागाळलेली.
पाचवीत डब्याचं झाकण चकाकलं.
सातवीत डोळे आले.
बूट एकीतही नाही.
रात्रीचे अकरा वाजले होते आणि
आम्ही दोघं ओणवे, त्या एका पायाकडे बघत.

फॉर्म कधीतरी स्पंजाखाली गेला होता.
विभागप्रमुखांची सही पसरून तळं झालं होतं, निळं.
"उद्या नवा आणते."
"उद्या शनिवार."
"मग सोमवारी."

ती हात धुवायला गेली. मी
दगड चौदाला डिंक चढवला, पातळ, तळव्याने.
चित्र ठेवायचं असेल तरच लावतात डिंक.
हे तिला पहिल्याच सत्रात मी शिकवलं होतं.

ती दारात उभी राहून बघत होती.
काही बोलली नाही.
कोट घातला. प्रती मात्र
दोरीवरच ठेवून गेली.