बारा वाजून आठ मिनिटं

मुलुंड पूर्व, गव्हाणपाडा, सात मजल्यांची पारिजात.
लिफ्ट दुरुस्तीत, म्हणून मल्टीमीटर गळ्यात अडकवून मी जिन्याने.
गच्चीवर सेक्रेटरी चेंबूरकर, डोक्यावर ओला रुमाल:
"बाई, हा सकाळी शहाणा, संध्याकाळी शहाणा.
ऊन माथ्यावर आलं की रुसतो.
म्हणजे कमवायच्या वेळी नेमका घरी बसतो."

पलीकडे मिठागरं, डोळ्यांत खुपतील इतकी पांढरी.
इन्व्हर्टरच्या पडद्यावर एकच ओळ:
ग्रिडचं व्होल्टेज जास्त.
म्हणजे, मी बरोबर आहे, समोरचा चढलाय.
हे वाक्य मी आमच्या घरीही ऐकलंय.

कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला म्हणे.
खाली मोजलं, नियमात बसलं, सही, चहा, गेला.
तो खोटं बोलला नाही.
हा बंद पडला की सगळंच नियमात येतं.
दवाखान्याच्या पायरीवर खोकला थांबतो, तसं.

म्हणून मी वर, आणि इम्तियाज खाली मीटरच्या खोलीत,
मध्ये सात मजले आणि एक फोन.
"बोल."
"दोनशे सत्तेचाळीस."
इथे दोनशे बावन्न.
"आता?"
"एकोणपन्नास झाले, दीदी."
इथे चोपन्न.
टक्.
पंखा थांबला, लाल दिवा लागला,
आणि दोघांच्या मीटरवर एकच आकडा,
भांडण संपलेल्या घरासारखा.

पाच व्होल्ट जिन्यातच मुरतायत.
ठेकेदाराने केबल बारीक टाकली, ॲल्युमिनियमची,
वाचलेल्या पैशांचं काय झालं ते चेंबूरकरांनी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
वीज उतारानेच वाहते.
याला द्यायचं असेल तर घेणाऱ्यापेक्षा
थोडं उंच उभं राहावंच लागतं,
आणि वाट जितकी चिंचोळी, तितकी टाच जास्त उचलावी लागते.
दोनशे त्रेपन्नला डोकं छताला लागतं.

"मर्यादाच वाढवून टाका ना. पासवर्ड असतो म्हणे तुमच्याकडे."
असतो.
पण तापासाठी थर्मामीटर बदलत नाहीत, चेंबूरकर.
त्या व्होल्टवर तुमच्याच तिसऱ्या मजल्यावरचा फ्रिज तडकेल,
मग मला फोन कराल.

केबल तर पहिल्या दिवसापासून बारीक होती.
मग दोन वर्षं हा गप्प कसा?
मी नोंदी उलट्या चाळल्या.
रोज दुपार, रोज दुपार, रोज दुपार,
आणि सगळ्यात तळाशी पहिली:
सतरा फेब्रुवारी, बारा वाजून आठ मिनिटं.

"त्या दिवशी काय झालं होतं?"
चेंबूरकर आठवत राहिले. रंगकाम? टाकी? मिटिंग तर नव्हती.
वॉचमन रामसजीवन कठड्यावरून खाली बघत म्हणाला,
"वैतीशेठ गेले ना त्या दिवशी. गिरणी तेव्हाची बंद आहे."

दहा हॉर्सपॉवरची मोटर,
सकाळपासून दुपारपर्यंत गहू, बाजरी, भाजणी,
आमच्या पट्ट्यांवरचं ऊन खाली उतरून तिथेच दळलं जात होतं
आणि कुणाला माहीत नव्हतं.
हरेश्वर वैतींनाही नसणार.
बिल भरायचे, बिल जास्त येतं म्हणून कुरकुरायचे.

सोसायटीने शोकसभा घेतली नाही, मेंटेनन्स थकला होता.
या डब्याने मात्र त्या दुपारपासून
रोज नोंद ठेवली.

मी कागद केला: केबल बदला, जाड, तांब्याची.
कंपनीला अर्ज: ट्रान्सफॉर्मरचा टॅप एक घर खाली घ्या.
कारण लिहायला अर्धी ओळ होती.
"दुपारचा भार कमी" एवढंच मावलं.

उतरताना गिरणीसमोर थांबले.
शटरच्या खाचेत अजून पीठ आहे,
मुंग्या ओळीने ते नेतायत, घाई नाही.
वर गच्चीत तो तीनशे सेकंद उलटे मोजत असेल,
लाइन ऐकत,
पुन्हा द्यायला बघत.
इम्तियाजने विचारलं, "दीदी, झालं?"
म्हटलं, थांब जरा.
बारा वाजून सहा मिनिटं झाली होती.