दोन रुपये कापले

कार्ड कारखान्याचं, सही माझी.
दोन रुपये कापले जातील हां बाई, म्हणाला मुलगा,
जशी सुईच टोचणार होता.
काप म्हटलं.
दोन रुपयांत एकेकाळी आम्ही
किलोभर बिया फोडायचो डिचोलीला,
राखेत बोटं बुडवून, उकिडव्या बसून,
आणि ते दोन रुपयेही शनिवारी मिळायचे.

मोपा. रात्रीचा दीड.
मस्कत, कासाब्लांका, मग बिसाव.
पासावर लिहिलंय गावडे सत्यवती,
आधी आडनाव, मागून मी.

इमिग्रेशनच्या यंत्रानं आत्ताच
चार वेळा हात टेकवून घेतले.
माझी बोटं त्याला दिसेनात.
पुसा, म्हणाला साहेब. ओली करा. दाबा.
मी म्हटलं, पंधरा वर्षं तेलात गेली,
रेघा तिथंच राहिल्या.
तेव्हा त्यानं पहिल्यांदा वर बघितलं, तोंडाकडे.
तेवढ्यानं भागलं.

इथं गार आहे, चादर मागावी इतकं.
वाटीत खारे काजू.
सवय जात नाही:
एक उचलला, दिव्याकडे धरला, नखानं दुभंगला.
तीनशेवीस म्हणून विकलेला, खरा चारशे.
पोटात किंचित पिवळा,
गोणीत घाम धरलेला, बोटीचा माल.
आमचा गावठी असा नसतो,
त्याची गोडी दाताला उशिरा कळते.
हा तिकडचा. बिसावचा.
पैज लावायला शेजारी कोणी नव्हतं,
एक गोरा तेवढा, बूट काढून झोपलेला,
मोज्याला भोक.

कुठला रे तू?
चांदेलचो, म्हणाला साईश. नाव छातीवरच होतं.
ह्याच सड्यार आमचीं काजीं आशिल्लीं.
हात केला कॉफीच्या मशीनकडे,
मग टीव्हीकडे,
मग सोडूनच दिलं.
वाटी भरून हाडूं?

बिसावलाही असंच एक लाउंज आहे. म्हणजे खोली.
दारावर पाटी, आत एक पंखा, फ्रीजला कुलूप.
वीज गेली की पंखा
आणखी दोन फेऱ्या उधारीवर मारायचा.
किल्ली इनासियाकडे.
तिची भाषा मला येईना, माझी तिला.
काजू मात्र दोघींना काजूच,
शब्द आमच्याआधीच जाऊन पोचलेला.
एप्रिलात तिथंही बोंडं आंबतात,
तिथंही बायका रस गाळतात;
पहिल्या दिवशी टॅक्सीत तो वास आला
आणि ड्रायव्हरला मी म्हणाले,
आमोणे आलं, थांबव.

तर इनासियानं पाण्याची बाटली दिली
आणि देताना माझा हात सोडला नाही.
उलटा केला.
मग स्वतःचा त्याच्याशेजारी ठेवला.
काळा अंगठा, काळी तर्जनी,
नखाच्या कडेला तोच तांबूस डाग
जो साबणानं जात नाही,
माझा तर लग्नातल्या हळदीनंही गेला नव्हता.
ती हसली. मग मी.
कोपऱ्यात सूट घातलेला एकजण होता,
मंत्र्याचा मेहुणा की कोण,
त्याला वाटलं आम्ही भविष्य बघतोय.
बघणार काय,
रेघाच नाहीत.

नंतर किती बसलो कोण जाणे.
विमान नेहमीसारखं उशिरा होतं.
तिनं बोटं मोडून दाखवलं, नऊ वर्षं,
मी पंधरा दाखवली तर तिनं माझा अंगठा
पदरासारखा काहीतरी होता तिचा, त्यात धरला.

आता बॅगेत तिच्यासाठी भिरंडीची सोलं आहेत.
डाग पाडणारीच वस्तू नेतेय, दुसरं काही सुचलं नाही.
आणि वाटीतले पाच काजू
मी टिश्यूत बांधून घेतलेत.
साईशनं बघितलं,
टेबल पुसायला लांबच्या बाजूनं गेला.

तिला दाखवीन.
तुमचे आहेत, म्हणेन. खारवले आम्ही.
कसं म्हणेन ते अजून ठरलं नाही.

घोषणा झाली. माझी नव्हती.
गोऱ्यानं कूस बदलली.
मी उठून आणखी एक कॉफी घेतली,
साखर दोन पुड्या.
दोन रुपये वसूल व्हायला हवेत.