मोकळी बाजू

दर एप्रिलात, दुसऱ्या शनिवारी,
मिश्कोल्त्सच्या बंद पोलाद कारखान्याच्या सभागृहात
आम्ही मोहीची लढाई पुन्हा हरतो.
म्हणजे ओडोन हरतो. मी मंगोल.

तीन टेबलं जोडून वर हिरवी बनात.
इस्त्री कुणी करत नाही,
सुरकुत्यांना आम्ही टेकड्या म्हणतो.
शायो नदी म्हणजे खिडकीच्या काचेची पट्टी, खालून निळी.
खरी शायो बसनं अर्ध्या तासावर.
तिथल्या थांब्यावर मी आजवर उतरलेलो नाही.

दिवसा मी चष्मे विकतो.
रात्री त्याच भिंगाखाली, तीन केसांच्या कुंचल्यानं
बोटाच्या पेराएवढ्या स्वाराच्या टोपीला कोल्ह्याची कड,
घोड्याच्या नाकपुडीवर गुलाबी ठिपका.
डोळे काढत नाही.
एवढ्या मापाला डोळे दिले
की सगळेच घाबरलेले दिसतात.

ओडोननं उभा जन्म क्रेनवर काढला,
वितळलेलं लोखंड डोक्यावरून नेलं, थेंब सांडला नाही.
आता चहाचा कप बशीत वाजतो त्याचा.
तरी राजाच्या छावणीभोवतीच्या गाड्या त्यानंच केल्या,
कॉफी ढवळायच्या काड्यांच्या,
आणि गाडीला गाडी बांधायची साखळी
मोरीच्या बुचाची.

दुपारपर्यंत सगळं शिरस्त्याप्रमाणे.
पुलावर माझी दगडफेकी यंत्रं,
खाली दक्षिणेला उतार शोधणारी दुसरी फौज,
फासे बशीत, बशी काठावर,
आणि कड्यासारखे वळत गेलेले माझे घोडे.

मग मी नेहमीचं करतो.
पश्चिमेची बाजू मोकळी सोडतो.
हे औदार्य नव्हे.
कोंडलेला माणूस चावतो,
वाट दिसलेला माणूस फक्त पाठ दाखवतो.
ओडोनला हे माझ्याहून जास्त ठाऊक.
पण नियम असा:
धीराचा फासा पडला चारच्या खाली
की तुकडी जवळच्या मोकळ्या वाटेनं निघते.
दर वर्षी निघते.
मी त्या वाटेवरून एकेक उचलतो,
दोन बोटांत, तांदळातले खडे वेचावेत तसे.

यंदा पाच.
मग पाच.
मग सहा, बशीबाहेर, म्हणून पुन्हा टाकला; पुन्हा सहा.
गाड्यांवर कापसाचा धूर ठेवला मी.
चार.
बाण, बाण, अजून बाण.
पाच.

"थांबतात माझे," ओडोन म्हणाला.
विजयानं नाही. जरा चाचरतच,
पाहुणे जेवायला थांबतात म्हणावं तसं.

मी नियमावली उलटी-सुलटी चाळली.
न पळणाऱ्यांसाठी त्यात पान नव्हतं.
फट बुजवावी तर ते कोंडले जाणार, लढणार.
न बुजवावी तर ती तशीच,
वीतभर हिरवं कापड, ओसाड,
आणि माझ्या चिमटीत अधांतरी एक स्वार.
पहिल्यांदाच वाटलं, याला डोळे हवे होते.

आठाला एमोके किल्ल्या घेऊन आली.
हीटर बंद केला, मग विचारलं, "झालं?"
"राहू दे ना उद्यापर्यंत, असंच."
"उद्या लग्न आहे इथं. टेबलं लागतात."

ओडोननं वाद घातला नाही.
एकेक माणूस उचलला,
थरथरत्या हातानं, पण भाला न वाकवता,
त्या वीतभर मोकळ्या जागेवरून नेला,
स्पंजच्या खाचेत निजवला.
खोका पश्चिमेला होता.
दर वर्षी तिथंच असतो, दाराजवळ.
मी पाहत होतो. त्यानं पाहिलं की मी पाहतोय.
"एकेचाळीस," तो म्हणाला, "सगळे आहेत."
आणि झाकण लावलं.

साखळी त्यानं खिशात टाकली.
एमोकेनं बनात झटकली, टेकड्या गेल्या.
मी नदी रुमालानं पुसली
आणि कालच्या वर्तमानपत्रात गुंडाळली.