समासात

प्रे फ्लोर्यान आमच्या कार्नियाच्या डोंगरात
पायीच हिंडायचे, झग्याचा घोळ कमरेला खोचून,
खिशात चीजचा तुकडा आणि शिसपेन्सिल.
गवत कापणाऱ्याला मध्येच थांबवून विचारायचे,
"या उताराला तुझी आजी काय म्हणायची?"
लोक हसायचे. उताराला काय म्हणणार? उतार.
मग एखादा विळ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून आठवायचा:
"लांडगीण व्याली ती जागा."
ते लिहून घ्यायचे, तारखेसकट,
आणि सांगणाऱ्याचं नावही, साक्षीदाराचं लिहावं तसं.

मी घंटा वाजवणाऱ्याची मुलगी, मेनी.
हिवाळ्यात त्यांची दौत माझ्या काखेत असायची,
शाई गोठू नये म्हणून.
चारशे वर्षांचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं
ते भिंगातून वाचत. दिवा मी धरायची.
एकदा हात हलला:
एका पानावर सोळा पोरं, एकाच आठवड्यातली,
आणि सोळाव्या नावाशी त्या जुन्या पाद्र्याचं अक्षर
ओळ सोडून घसरत गेलेलं.
"यानं एकट्यानं खड्डे खणले असणार," प्रे म्हणाले,
आणि पान उलटायला विसरले.

गावाची एक गोष्ट होती. अजून आहे.
शत्रू चालून आला तेव्हा आमच्या पूर्वजांनी पूल तोडला.
प्रेंना करपलेल्या कागदांत पावती सापडली:
पूल तोडला नव्हता. डागडुजी करून दिली होती,
दर घोड्यामागे दोन नाणी घेऊन.
रविवारी प्रवचनाच्या जागी त्यांनी पावतीच वाचली.
सहा महिने त्यांना कुणी अंडी दिली नाहीत.
माझ्या बापानं घंटा वाजवली, पण उशिरा.

"गप्प बसला असतात तर?" मी विचारलं.
त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला.
सहीच्या जागी फुली, फुलीशेजारी नाव,
त्यांच्याच घराण्याचं.

पुस्तक निघालं, तीनशे प्रती.
दोनशे अकरा जिन्याखाली राहिल्या, उंदरांनी आधी डिंक वाचला.
ऑगस्टातली पुलाची मिरवणूक अजून निघते.
मीही चालते. पुलावर आलं की
मनातल्या मनात नाणी मोजते.

त्यांची हस्तलिखितं माझ्याकडे आली.
त्या सोळा पोरांच्या पानाची नक्कल केलीय,
तिथं समासात, बारीक अक्षरात:
"आज थंडी उणे अकरा.
शाई वाहते आहे. साक्षीदार: मेनी, वय नऊ."